इमारत उरली नाही, मग जपायचं काय? कॅथकिन पार्क आणि जुन्या फुटबॉल मैदानांचं जतन

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्लासगोच्या दक्षिण भागात राहणाऱ्या एका मराठी वाचकाची मुलं कॅथकिन पार्कमध्ये खेळायला जातात. मैदानाच्या तीन बाजूंना झाडीत दडलेल्या जुन्या स्टेडियमच्या पायऱ्या आहेत, मधूनमधून लोखंडी आडकठडे उभे आहेत. मैदानाला वारसा म्हणून संरक्षण मिळावं असं तिथल्या काही रहिवाशांना वाटतं. वाचक विचारतात, "स्टँड पाडून टाकलेत, क्लब बुडाला, इमारत म्हणून काही उरलेलं नाही. मग जपायचं नेमकं काय, आणि कुठल्या कायद्याने?"

जुन्या वास्तू आणि मोकळ्या जागा यांच्या जतनाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. जपता येतं. पण कायद्याकडे वळण्याआधी "काही उरलेलं नाही" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. अशा ठिकाणी जे उरलेलं असतं ते जमिनीच्या आकारात असतं. मैदानाची सपाटी, त्याची दिशा, भोवतीचे मातीचे उतार, लोक आत यायचे ते रस्ते. स्टँड ही त्यातली सगळ्यात वरवरची गोष्ट होती.

आधी या जागेची पत्रिका मांडू. 1884 मध्ये क्वीन्स पार्क या हौशी क्लबने इथे आपलं मैदान थाटलं. तेव्हा याचं नाव हॅम्पडेन पार्क. पहिलं हॅम्पडेन 1873 पासून जवळच होतं. तिथून रेल्वेमार्ग जाणार म्हणून क्लबला ती जागा सोडावी लागली. म्हणजे कॅथकिन हे दुसरं हॅम्पडेन. 1903 मध्ये क्वीन्स पार्क तिसऱ्या, म्हणजे आजच्या हॅम्पडेनला गेले आणि ही जागा थर्ड लॅनार्क क्लबकडे आली. हा क्लब 1872 मध्ये लॅनार्कशरच्या तिसऱ्या रायफल स्वयंसेवक पथकातून जन्मलेला. 1889 चा स्कॉटिश कप त्यांनी सेल्टिकला हरवून जिंकला होता आणि तो अंतिम सामना याच मैदानावर झाला होता. पुढे तेच मैदान त्यांचं घर झालं, आणि 1903-04 च्या मोसमात ते लीग विजेते ठरले. 1905 मध्ये पुन्हा कप. एवढ्या जुन्या क्लबचा शेवट मात्र भराभर झाला. 1960-61 च्या मोसमात लीगमध्ये शंभर गोल करून तिसरा क्रमांक मिळवणारा संघ सहा वर्षांत बंद पडला. 25 एप्रिल 1967 ला इथे क्वीन ऑफ द साउथशी 3-3 अशी बरोबरी झाली. तो या मैदानावरचा त्यांचा शेवटचा सामना. तीन दिवसांनी डंबार्टनकडून 5-1 हार, आणि क्लब संपला.

त्यानंतर जे झालं ते तुमच्या प्रश्नासाठी फार महत्त्वाचं आहे. जागेवर घरं बांधायचा बेत होता, तो नियोजनाच्या परवानगीपाशी अडला. पुढे महापालिकेने तिचं सार्वजनिक उद्यान केलं. तेव्हा हे मैदान कुठल्याही वारसा कायद्याने वाचलेलं नाही. शहराच्या नकाशात ती मोकळी जागा होती म्हणून ते वाचलं. वारशाचा दर्जा मागणाऱ्या मंडळींना मी नेहमी हेच आधी दाखवतो. मोकळ्या जागेचं आरक्षण हा तुमचा पहिला तट. वारशाचा दर्जा त्याच्या आतला दुसरा. पहिला पडू देऊन दुसऱ्यावर विसंबू नका.

आता महत्त्वाचा भाग: हे ठिकाण राष्ट्रीय महत्त्वाचं आहे असं कशाच्या जोरावर म्हणायचं? बहुतेक अर्ज इथेच लंगडे पडतात. कारण लिहिणारा क्लबच्या प्रेमात असतो आणि पानंच्या पानं विजयांची, खेळाडूंची, आजोबांच्या आठवणींची भरतो. आठवणी हव्यातच. पण परीक्षकाला हे कळायला हवं की जी गोष्ट इथे पाहायला मिळते ती दुसरीकडे का मिळत नाही.

कॅथकिनच्या बाबतीत माझं उत्तर त्या पायऱ्यांमध्ये आहे. उभं राहून सामना पाहायच्या उतरत्या पायऱ्या हा ब्रिटनमधल्या कामगार वर्गाच्या करमणुकीचा मूळ बांधकाम-प्रकार. 5 एप्रिल 1902 ला ग्लासगोतच आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना लाकडी पायऱ्यांचा काही भाग कोसळला. 25 माणसं गेली, पाचशेहून अधिक जखमी झाली. त्यानंतर लाकडी सांगाड्यावर गर्दी उभी करणं मागे पडलं आणि मातीचे भराव टाकून त्यावर पायऱ्या बांधायची पद्धत रूढ झाली. मग 1989 मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर पायऱ्यांवरच्या गर्दीत चेंगराचेंगरीची दुर्घटना घडली. तिथे 97 जणांचा बळी गेला. तिच्या चौकशीच्या 1990 च्या अहवालाने मोठ्या मैदानांवर फक्त बसून पाहायची सोय असावी असं सांगितलं, आणि पुढच्या काही वर्षांत बड्या मैदानांवरच्या जुन्या पायऱ्या उखडल्या गेल्या किंवा त्यांवर खुर्च्या बसल्या.

कॅथकिन 1967 मध्येच बंद पडलं म्हणून या सगळ्यातून सुटलं. तिथे खुर्च्या बसल्या नाहीत, छत चढलं नाही. एकेकाळी ज्या उतारांवर रेंजर्सविरुद्धच्या सामन्याला 45 हजारांहून जास्त माणसं उभी राहिली, ते उतार आजही तीन बाजूंनी आहेत आणि त्यांवर आडकठडे आहेत. चालत्या क्लबांची मैदानं दर पिढीत बदलत गेली, म्हणूनच बंद पडलेलं मैदान हा जास्त भरवशाचा पुरावा ठरतो. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हे यायला हवं. विजेतेपदं त्यानंतर.

दुसरा मुद्दा परिसराचा. पायी फिरून पाहता येतील एवढ्या अंतरात तीन हॅम्पडेन आहेत. पहिल्यावर आता लॉन बोलिंगचा, म्हणजे गवतावर गोळे घरंगळवायच्या खेळाचा क्लब आहे, दुसरं कॅथकिन, तिसरं आजचं राष्ट्रीय स्टेडियम. पहिल्या हॅम्पडेनवर स्कॉटलंडने इंग्लंडला 1878 मध्ये 7-2 आणि 1882 मध्ये 5-1 असं हरवलं. 1882 च्या संघात अँड्र्यू वॉटसन होता. तो जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू, आणि आदल्या वर्षी लंडनमध्ये स्कॉटलंडचा कर्णधार. चेंडू एकट्याने पळवत नेण्याऐवजी एकमेकांना देत पुढे जायचं, ही आज जगभर खेळली जाणारी पद्धत याच परिसरात घडली. म्हणून कॅथकिनचा अर्ज एकट्या कॅथकिनचा असू नये. तिघांची साखळी दाखवा. स्कॉटलंडची वारसा संस्था, हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड, महत्त्व तीन अंगांनी तपासते: ठिकाणाच्या अंगचं काय, भोवतालाशी त्याचं नातं काय, आणि कोणती माणसं, घटना, आठवणी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. कॅथकिनपाशी तिन्हींना भक्कम उत्तरं आहेत.

पुरावा कसा गोळा करायचा? सुरुवात घरबसल्या होते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी मोजणी संस्थेचे जुने नकाशे फुकट पाहता येतात, आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून तपासता येतात. निरनिराळ्या सालांच्या नकाशांत मैदानाची कड, स्टँडची जागा, फाटकं कुठे आहेत ते एकमेकांवर ठेवून पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच काढलेली हवाई छायाचित्रं एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहात मिळतात. महापालिकेची कागदपत्रं ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत. लायडार, म्हणजे विमानातून लेसर टाकून केलेली जमिनीची मोजणी, झाडीखालचे उतार स्पष्ट दाखवते आणि स्कॉटलंडच्या बऱ्याच भागांची ही माहिती खुली आहे. या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की "भराव मूळचा आहे की नंतरचा" या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

उरलेलं निम्मं जमिनीखाली असतं. त्याची घाई करू नका, पण भीतीही बाळगू नका. 2021 मध्ये आर्किऑलॉजी स्कॉटलंडने स्थानिकांना सोबत घेऊन पहिल्या हॅम्पडेनच्या जागी उत्खनन केलं. त्याआधी 2013 मध्ये इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या पार्क अ‍ॅव्हेन्यू मैदानावर पुरातत्त्वज्ञ जेसन वुड आणि कलाकार नेव्हिल गेबी यांनी गोलपोस्टच्या आसपासची माती उकरली. तेही क्लबने सोडलेलं मैदान, तिथल्याही पायऱ्या झाडीत गेलेल्या. फरक एवढाच की तिथे मैदानाच्या एका भागावर क्रिकेटचं बंदिस्त सरावगृह उभं राहिलं, त्यामुळे मैदानाचं मैदानपण तुटलं. कॅथकिनचं तुटलेलं नाही. ब्रॅडफर्डचा दाखला अर्जात जरूर द्या. उशीर झाला की काय होतं ते त्यातून कळतं.

आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम मात्र आजच सुरू करा. 1967 मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरीच्या आसपास आहे. त्याला "क्लबबद्दल सांगा" असं म्हणू नका. मैदानात घेऊन जा आणि विचारा: तुम्ही कुठल्या फाटकातून यायचात, कुठे उभे राहायचात, पाऊस आला की कुठे पळायचात, मुतारी कुठे होती? या उत्तरांनी नकाशातल्या रिकाम्या जागा भरतात. कागदपत्रांत हे कधीच नसतं.

आता कायद्याकडे. स्कॉटलंडमध्ये ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एक, इमारत म्हणून वारसा यादीत नोंद, 1997 च्या कायद्याखाली. दुसरी, संरक्षित स्मारक म्हणून नोंद, 1979 च्या कायद्याखाली. दोन्हींसाठी प्रस्ताव कुणीही नागरिक पाठवू शकतो. शुल्क नाही, मालकाची संमतीही आधी लागत नाही.

फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पहिली वाट येते, कारण नावाजलेली उदाहरणं तिथली आहेत. आयब्रॉक्सचा मुख्य स्टँड, लंडनमध्ये फुलहॅम क्लबच्या क्रेव्हन कॉटेजचा 1905 चा स्टँड, आर्सेनल क्लबच्या हायबरीचा 1936 चा पूर्व स्टँड. पण हायबरीचं काय झालं ते नीट बघा. आर्सेनल 2006 मध्ये तिथून हलले. पूर्व स्टँड यादीत होता म्हणून त्याची दर्शनी बाजू जशीच्या तशी राहिली, आत सदनिका झाल्या, आणि जिथे सामने व्हायचे तिथे रहिवाशांची बाग आली. कायद्याचं पालन शंभर टक्के झालं. फुटबॉल मात्र गेला. इमारतीच्या यादीत भिंत सांभाळली जाते, मधल्या रिकाम्या जागेची हमी मिळत नाही. कॅथकिनला तर भिंतही नाही.

म्हणून माझा कौल दुसऱ्या वाटेला, संरक्षित स्मारकाला. त्यात मातीचे उतार, पायऱ्या, कठडे आणि जमिनीखालचे अवशेष असं सगळं एकत्र धरता येतं, आणि परवानगीशिवाय हात लावणं हा गुन्हा ठरतो. याची दुसरी बाजूही आहे. दुरुस्तीलासुद्धा परवानगी लागते. गोलपोस्ट हलवायचा, निचऱ्याची नळी टाकायची, पायवाट उकरायची, तर अर्ज करा. खेळणाऱ्या मैदानाला हे जाचक होऊ शकतं आणि शेवटी लोक वैतागून खेळ दुसरीकडे नेतात. यावर उपाय आहे, तो नोंदणीच्या मसुद्यातच करून घ्यावा लागतो. स्मारकाच्या वर्णनात "अमुक खोलीपर्यंतचा वरचा थर, चालू पायवाटा, कुंपण, गोलपोस्ट, दिवे हे संरक्षणातून वगळले आहेत" असं लिहिता येतं. पायवाटांच्या बाबतीत असं वगळणं नेहमीचंच आहे. मैदानासाठी ते आग्रहाने मागा. गवत आणि त्याखालची वीतभर माती मोकळी राहिली तर माळ्याला आणि खेळाडूला कुणाचं तोंड पाहावं लागत नाही.

तिसरी वाट वारसा कायद्याबाहेरची आहे आणि माझ्या मते तितकीच मोलाची. फील्ड्स इन ट्रस्ट ही 1925 मध्ये स्थापन झालेली संस्था मालकाशी कायदेशीर करार करून एखादी जागा कायमची खेळासाठी आणि मोकळी ठेवते. जागा महापालिकेची असल्यामुळे हा रस्ता राजकीय इच्छाशक्तीचा आहे, पुराव्यांचा नाही. मैदान खेळासाठी जपलं जावं याची सोय या करारातून, आणि उतार-पायऱ्यांची सोय स्मारकाच्या नोंदीतून, अशी जोडी जमली तर उत्तम.

सीमा कुठे आखायची यावर थोडं. नवखी मंडळी पायऱ्यांभोवती रेघ मारतात आणि मैदान बाहेर ठेवतात, कारण "मैदान म्हणजे नुसतं गवत". असं कधीच करू नका. मैदानाशिवाय पायऱ्यांना अर्थ नाही, त्या कुठे बघत होत्या? सीमेत चौथी बाजूही घ्या, जिथे मुख्य स्टँड होता आणि आज वर काही दिसत नाही. पाया, तिकीटघर, खेळाडूंच्या खोल्या यांचे अवशेष असतील तर तिथेच. आणि वाहनतळ, शौचालय असलं काही करायचं ठरलं की सगळ्यांची नजर आधी त्याच "रिकाम्या" कोपऱ्यावर जाते.

आता झाडं. यावर तुमच्या भागात भांडणं होतील, तयारीत राहा. क्लब बुडाल्यानंतर पायऱ्यांच्या फटींत बिया पडल्या आणि रानच उभं राहिलं. आज ते कॅथकिनचं रूप आहे. लोक त्यासाठीच येतात, फोटो काढतात. पण काँक्रीटच्या पायरीजवळ वाकून पाहिलंत तर कळेल की झाडाचं मूळ पायरीच्या मागच्या सांध्यात शिरतं, जाड होतं आणि पायरीची पुढची कड हळूहळू वर उचलतं. पाणी त्या फटीत साठतं, थंडीत गोठून फुगतं, पुढच्या वर्षी फट बोटभर रुंद होते. सगळी झाडं तोडली तर मुळं कुजून आत पोकळ्या होतात आणि भराव खचतो. एकही तोडलं नाही तर वीस-तीस वर्षांत पायऱ्यांच्या ओळी ओळखू येणार नाहीत. तेव्हा झाडागणिक निर्णय घ्यावा लागतो. पायरीवर नुकतं उगवलेलं, मनगटाहून बारीक रोप दर वर्षी मुळासकट काढायचं. मोठं झाड पायरी फोडत असेल तर जमिनीलगत कापायचं, बुंधा उपटायचा नाही. मागच्या उतारावरची झाडं ठेवायची, ती माती धरून ठेवतात. पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुऱ्हाड नाही, आणि जुन्या ढोलीत वटवाघळं आहेत का हे आधी तपासायचं. मोठ्या झाडांखाली जपायच्या आणि मोकळ्या करायच्या पायऱ्या नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी दाखवल्या की सभेतला निम्मा आवाज खाली येतो.

कठड्यांचं दुखणं पायाशी असतं. वरचा दांडा गंजलेला दिसला तरी सहसा मजबूत असतो. खांब जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे पाणी थांबतं आणि लोखंड कागदासारखं पातळ होतं. हाताने हलवून पाहा. हलत असेल तर तो काढून नवा लावायचा मोह टाळा. कुजलेला तेवढाच पायाकडचा तुकडा बदला, बाकीचं जुनं लोखंड ठेवा, जुन्या रंगाचे थर खरवडण्याआधी त्यांचा नमुना घ्या. आणि कृपा करून सगळं चकचकीत करू नका. उत्साही स्वयंसेवक आणि सरकारी निधी एकाच वेळी मिळाले की जुन्या ठिकाणावर बिल्डरइतकंच संकट येतं. सरसकट नव्या पायऱ्या, सरसकट रंग, दर दहा पावलांवर माहितीफलक. तुम्हाला आराखडा दाखवतील तेव्हा एकच प्रश्न विचारा: यात मूळचं किती टक्के उरतंय?

इटलीत तुरीनचं फिलाडेल्फिया मैदान या बाबतीत पाहण्यासारखं आहे. 1926 चं, 1940 च्या दशकात इटलीवर राज्य करणाऱ्या तोरिनो संघाचं. तो संघ 4 मे 1949 ला सुपेर्गाच्या विमान अपघातात संपला. मैदान पुढे ओस पडलं, 1997 मध्ये बहुतेक पाडलं गेलं, आणि समर्थकांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यावर 2017 मध्ये नव्याने उघडलं. जुन्या स्टँडचे उरलेले तुकडे तिथे तसेच उभे ठेवले आहेत आणि शेजारी संघ सराव करतो. तुरीनच्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी सांगतो, तिथे तुकडे जपावे लागले कारण बाकीचं आधीच गेलं होतं. तुमच्याकडे अजून तीन बाजू शाबूत आहेत.

काहींनी विचारलंय की आपल्याकडे असं शक्य आहे का. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात स्मारक किमान शंभर वर्षांचं असावं लागतं आणि तो कायदा खेळत्या मैदानाला पेलणारा नाही. मुंबईची 1995 ची वारसा नियमावली त्यापेक्षा लवचिक आहे, परिसर म्हणून संरक्षण देता येतं. सर्वात चांगला दाखला ओव्हल मैदानाचा. दुरवस्थेला कंटाळून रहिवासी न्यायालयात गेले, देखभाल हाती घेतली, आणि 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा ठरवला तेव्हा त्या दोन रांगांना जोडणारी मोकळी जागा म्हणून ओव्हल त्यातच आलं. तिथे आजही रोज क्रिकेट चालतं. फुटबॉलपुरतं बोलायचं तर ज्या कोल्हापुरात तालमींच्या नावाने संघ उतरतात, तिथल्या जुन्या मैदानांच्या नोंदी आणि आठवणी आत्ताच गोळा करायला हव्यात. पुढची लढाई कधी उभी राहील सांगता येत नाही.

तुमच्यासाठी पहिलं काम: डिसेंबर-जानेवारीत पानं गळाली की एका कोरड्या दिवशी चार-पाच जण जा. मैदानाला फेरी मारत प्रत्येक कठड्याला क्रमांक द्या, त्याचा फोटो घ्या, पाया हलतो की नाही ते लिहा. पायऱ्यांच्या ओळी मोजा, कुठे तुटतात ते नकाशावर टिपा. फाटकांच्या जागा शोधा. ही यादी तयार असेल तर प्रस्तावाचा अर्धा भाग झाला. ती वारसा संस्थेला आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला एकाच दिवशी पाठवा, म्हणजे एकाकडचा कागद दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत पडून राहणार नाही.